साक्षी आणि रक्तसाक्षी

धारवाडास इतिहास शिकणारा, आमच्याकडील एका मराठी घरातला विद्यार्थी परवा सायंकाळी आमच्या भेटीस आला. सुट्टी मिळाली की संतांच्या कबरींच्या दर्शनास निघावे, हा त्याचा छंद. प्रथम तो लोंढा व कॅसल रॉकवरून घाट उतरून जुन्या गोव्यास गेला होता. बॉम जीझस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी आणि तिच्याखालचा, १६९८ साली उभारलेला संगमरवरी चौथरा त्याने डोळे भरून पाहिला. परंतु झेवियर हे सोळाव्या शतकातले. त्याहून जुन्या, मध्ययुगातील संतांची कबर आपल्या मराठी मुलखात असेल काय, हा ध्यास त्यास लागला, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो ठाण्यास व तेथून सोपाऱ्यास जाऊन आला.

“फादर, गावभर हिंडलो, कबर कोठेच नाही. मग गुडघे टेकावे तरी कोठे?” असे तो खिन्नपणे म्हणाला.

कबर सापडणार कशी? १३२१ सालच्या एप्रिलमध्ये तोलेंतीनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जिया देशाचे ब्रदर डेमेट्रियस या चार फ्रान्सिस्कनांस ठाण्यात ठार मारण्यात आले. त्यांचे सोबती, दोमिनिकन संघाचे फादर जॉर्डन, यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. पुढे थोड्याच काळात ओदोरिक नावाचे फ्रान्सिस्कन प्रवासी त्या वाटेने आले. त्यांनी त्या अस्थी उचलल्या व समुद्रमार्गाने थेट चीनमधील झैतून बंदरी, आपल्या संघाच्या मठात, नेऊन ठेवल्या.

आम्ही त्यास विचारले, “मुला, ते काजीपुढे गेले कशासाठी, हे तुला ठाऊक आहे काय?”

“धर्माच्या वादासाठी,” तो म्हणाला.

धर्माचा वाद झाला खरा, पण तो नंतर. आरंभ निराळाच आहे आणि तो ओदोरिक यांनीच लिहून ठेविला आहे. ठाण्यात तेव्हा नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांपैकी एका घरी हे पाहुणे उतरले होते. एके रात्री घरधन्याचे व त्याच्या पत्नीचे भांडण झाले आणि त्याने तिला बेदम मारले. सकाळी ती काजीकडे फिर्याद घेऊन गेली. पुरावा काय, असे काजीने विचारताच ती म्हणाली, घरात चार परदेशी धर्मगुरू होते, त्यांना विचारा. पीटर सामानापाशी राहिले व बाकीचे तिघे गेले. त्या सभेत मग धर्माचा प्रश्न निघाला, त्यांनी आपली श्रद्धा लपविली नाही, आणि तीच त्यांच्या प्राणांवर बेतली. मागाहून दिल्लीच्या सुलतानाने त्या अधिकाऱ्यास जबर शिक्षा केली, असेही ओदोरिक सांगतात. पुढे १८९४ साली पोप लिओ तेरावे यांनी थॉमस यांस धन्य म्हणून मान्यता दिली.

एका मार खाल्लेल्या स्त्रीचे साक्षी म्हणून त्यांना बोलावणे आले आणि ते ख्रिस्ताचे रक्तसाक्षी झाले.

विद्यार्थी बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “फादर, त्या रात्रीच त्यांनी त्याचा हात का धरला नाही?”

वाचकहो, या प्रश्नाने आम्हांस झोप लागली नाही. त्या चौघांचा न्याय करण्याचा आमचा अधिकार नाही. पण आमचे काय? काही वर्षांपूर्वी रात्री एका आजाऱ्यास साक्रामेंत देऊन परतताना एका घरातून बाईचे ओरडणे आमच्या कानी आले होते. “नवराबायकोची भांडणे, आपण कशास मध्ये पडावे?” असे मनाशी म्हणून आम्ही पावले उचलली. दुसऱ्या रविवारी ती बाई डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढून मिस्सेस आली होती. आम्ही तिला ख्रिस्तशरीर दिले आणि मान फिरविली. आम्हांस कोणी साक्षीस बोलावले नाही. पण देवाच्या दरबारी बोलावणे येईल, तेव्हा सांगावयाचे काय?

कुटुंबप्रमुखहो, भिंतीपलीकडे शेजारी ऐकत असतो, आणि अंथरुणात जागी असलेली तुमची मुलेही ऐकत असतात. शेजाऱ्यांनो, रडणे कानी आले तर दाराशी जाऊन हाक मारा. तेवढ्याने उगारलेला हात पुष्कळदा खाली येतो. आणि मायबहिणींनो, मार मुकाट्याने सोसणे हा विवाहाच्या साक्रामेंताचा भाग नव्हे. ठाण्याची ती बाई न्याय मागावयास गेली, यात तिचे काहीही चुकले नाही. आमचे दार रात्रीही ठोठवा. यापुढे आम्ही पावले उचलणार नाही.

निघताना विद्यार्थी म्हणाला, पुढील सुट्टीत मैलापूरला संत थॉमसच्या कबरीस जाईन. आम्ही त्यास आनंदाने आशीर्वाद दिला. मात्र अगोदर चार दिवस घरी आईजवळ राहून जा, असेही सांगितले.