कवळीचे मऊ अस्तर

घरातील आजीबाई जेवणाच्या वेळी कवळी काढून बाजूला ठेवतात आणि भाकरी आमटीत कुस्करून गिळतात, हे दृश्य पुष्कळ घरी दिसते. विचारले तर "टोचते रे बाळा" एवढेच सांगतात. दात गेल्यावर जबड्याचे हाड, विशेषतः खालचे, वर्षानुवर्षे झिजत जाते. त्यावरील पातळ हिरडीला कठीण कवळीचा दाब सोसवत नाही. अशा वेळी दंतवैद्य कवळीला आतून मऊ अस्तर लावून देतात. त्याने आराम पडतो. परंतु पुढे ते बिघडले, की पैसे पाण्यात गेले म्हणून घरची मंडळी हळहळतात. वास्तविक बिघाडाचे कारण ओळखले, तर अस्तराचे आयुष्य वाढविता येते.

अस्तरे मुख्यत्वे दोन जातींची असतात. ॲक्रिलिकच्या अस्तरात मऊपणासाठी एक द्रव्य मिसळलेले असते. ते लाळेत हळूहळू झिरपून जाते आणि अस्तर कडक होते. वरून संरक्षक लेप दिल्यास हे झिरपणे मंदावते. सिलिकोनचे अस्तर अधिक काळ मऊ राहते. मात्र कवळीशी त्याचा सांधा आपोआप जुळत नाही, म्हणून ते कडेपासून सुटू लागते. त्यासाठी खास चिकटद्रव्य नीट लावावे लागते. अस्तराची जाडी साधारण २ ते ३ मिलिमीटर असावी. त्याहून पातळ असल्यास गादीचे काम होत नाही. फार जाड केल्यास कवळीच कमजोर होऊन मोडते.

उरलेले काम घरच्यांचे आहे. प्रत्येक जेवणानंतर कवळी साध्या पाण्याने धुवावी. मऊ ब्रश व सौम्य साबण पुरे. राख, मीठ वा मिश्री यांनी घासू नये. उकळते पाणी व कपड्यांचे ब्लीच सर्वथा वर्ज्य. बाजारच्या गोळ्या आपल्या अस्तराला चालतात की नाही, हे दंतवैद्यास विचारावे. रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. हिरडीला विसावा मिळतो आणि कँडिडा नावाच्या बुरशीलाही आळा बसतो. कड सुटल्यास घरच्या गोंदाने चिकटवू नये.

इतके करूनही अस्तर कधी ना कधी बदलावे लागतेच. तो कोणाचा दोष नव्हे. तेव्हा वाचकहो, आज जेवताना आजीबाईंच्या ताटाकडे एकदा पाहा. भाकरी कुस्करलेली दिसली, तर त्या सांगतील याची वाट न पाहता त्यांना दंतवैद्याकडे घेऊन जा.