नवऱ्याची तपासणी आणि गोळ्यांचे डबे

लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे सुनेचे दवाखाने सुरू होतात. सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, जोडीला उपासतापास आणि गंडेदोरे. नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो. त्याची तपासणी झाली का, असे विचारले की सोबतची सासू म्हणते, "त्याले काय झालं डाक्टरसाहेब? चांगला धडधाकट हाय." हे वाक्य मी या जिल्ह्यात किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही.

धडधाकट शरीराचा आणि शुक्रजंतूंच्या प्रकृतीचा संबंध फार थोडा असतो. क्विंटलाचे पोते सहज उचलणाऱ्याचे शुक्रजंतूही कमी किंवा मंद असू शकतात. हे नपुंसकत्व नव्हे. वैवाहिक संबंध अगदी नीट असताना हा दोष आढळतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या दोषाबरोबर असते. तरीही 'वांझ' हा शब्द बाईच्याच वाट्याला येतो आणि दुसरे लग्न पुरुषाचेच लावले जाते.

पुरुषाकडच्या कारणांपैकी एकाचे नाव अलीकडे औषधांच्या डब्यांवर सारखे दिसते: ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. स्ट्रेस म्हटले की लोकांना मनाचा ताण वाटतो. इथे अर्थ वेगळा आहे. जवसाचे तेल उघडे राहिले की थोड्या दिवसांत खवट होते, कारण त्यातील नाजूक स्निग्धाम्लांवर हवेतील प्राणवायूचा परिणाम होतो. शुक्रजंतूचे बाह्य आवरण अशाच नाजूक स्निग्धाम्लांनी भरलेले असते. शरीरात प्राणवायू वापरला जाताना काही तिखट, चंचल रेणू तयार होतात. ते प्रमाणाबाहेर वाढले की हे आवरण अक्षरशः खवटते. शेपटीची गती मंदावते आणि डोक्यातील डी.एन.ए.चे धागे तुटतात. इतर पेशींजवळ दुरुस्तीचे सामान असते. शुक्रजंतूने हलके होऊन पोहण्यासाठी ते जवळजवळ सगळे टाकून दिलेले असते. गंमत अशी, की हेच रेणू अगदी थोडे असावे लागतात. त्यांच्याशिवाय शुक्रजंतू स्त्रीबीजात शिरण्यास तयार होत नाही. जादा प्राणवायूत मानवी शुक्रजंतूंची हालचाल लवकर थांबते, हे अमेरिकेत जॉन मॅक्लिऑड यांनी १९४३ सालीच दाखवले होते.

हे रेणू वाढतात कशाने? पहिले नाव तंबाखूचे. विडी-सिगारेट तर आहेच, पण खर्रा आणि गुटखाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे वाचकांना मी सांगायला नको. त्यानंतर दारू, लठ्ठपणा, मधुमेह, जननमार्गातील जंतुसंसर्ग. वृषणाच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, हे तर फार मोठे कारण आणि नुसत्या हाताच्या तपासणीत सापडणारे. शिवाय उष्णता. वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागते, म्हणूनच निसर्गाने ती बाहेर टांगली आहेत. वीटभट्टीवर किंवा भट्टीपुढे दिवस काढणारा, मे महिन्यात मलकापूर-खामगाव रस्त्यावर तापलेल्या केबिनमध्ये बसणारा ट्रकचालक, यांची मला काळजी वाटते.

कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात फवारणीबद्दल बोललेच पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते सर्वांना आठवते. वंध्यत्वाचा परिणाम असा डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेत १९७७ साली डी.बी.सी.पी. हे शेतीचे औषध बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातील कारखान्याच्या कामगारांना मुले होत नाहीत, हे त्यांच्या आपापसातील गप्पांतून उघडकीस आले. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतूच नव्हते. प्रत्येक औषध तितके घातक नसते हे खरे, पण पाठीवरचा पंप गळत असताना उघड्या अंगाने फवारणे आणि त्याच हाताने खर्रा तोंडात टाकणे थांबवायला आणखी पुरावा कशाला हवा?

आता डब्यांविषयी. महिन्याला हजार-दोन हजारांच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या आणि पावडरी बिनदिक्कत लिहिल्या जातात. कित्येकदा वीर्यतपासणी न करताच. माझा याला विरोध आहे. लहानसहान अभ्यासांत थोडा फायदा दिसतो, पण ते अभ्यास कच्चे आहेत. अमेरिकेत २०२० साली दोन नीट आखलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एकीत २३७० जोडप्यांतील पुरुषांना जस्त व फॉलिक ॲसिड किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली. मुले जन्मण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, अनुक्रमे ३४ व ३५ टक्के, राहिले. दुसरीत क आणि ई जीवनसत्त्वे, सेलेनियम वगैरेंचे मिश्रण दिले. तीन महिन्यांनी शुक्रजंतूंत सुधारणा दिसली नाही.

आणि सेलेनियम म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको! जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे नमुने तपासून शरीरात सेलेनियम वाढल्याचे व जस्त घटल्याचे सांगितले आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. हेच सेलेनियम पुरुषांसाठीच्या बहुतेक डब्यांत असते. शरीराला ते लागते, पण कणभर.

मग करावे काय? एक वर्ष नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर पहिल्याच भेटीत नवऱ्याची वीर्यतपासणी करावी. ती स्वस्त आहे आणि तिने इजा होत नाही. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यावा. घरून न्यायचा असेल तर प्रयोगशाळेने दिलेल्या डबीत, अंगाजवळ ठेवून, तासाच्या आत पोचवावा. निरोध वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही संख्येची खालची मर्यादा आहे. एका वाईट रिपोर्टवर घाबरू नका, तपासणी पुन्हा करा. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे तीन महिने लागतात. खर्रा आज सोडला तर त्याचे फळ तीन महिन्यांनंतरच्या रिपोर्टात शोधावे, आठव्या दिवशी नव्हे. दोन्ही वेळी रिपोर्टवर शुक्रजंतू 'शून्य' असे आले, तर मात्र पावडरीत वेळ दवडू नका. मार्ग बंद आहे की निर्मितीच थांबली आहे, हे संप्रेरकांची तपासणी व तज्ज्ञांची प्रत्यक्ष तपासणी यांवरून ठरते. त्यासाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला जावे लागले तरी जावे, आणि नवऱ्याने स्वतः जावे.