उडी मारण्याआधी बूट उलटा करून बघा

उद्या सकाळच्या बॅचला निघण्याआधी दोन मिनिटं द्या. व्यायामाला घालता ते बूट हातात घ्या. उलटे करा. नीट बघा.

चवड्याखालची नक्षी पुसली गेली आहे का? टाचेची बाहेरची कड तिरकी झिजली आहे का? बाजूच्या फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्या आहेत का? आता बूट टेबलावर ठेवा आणि मागून बघा. सरळ उभा राहतो, की एका अंगाला कलतो? यातली एक जरी खूण दिसली, तर कृपा करून उद्या त्या बुटांत उड्या मारू नका. बॅचला जरूर जा. उड्या मात्र मारू नका.

हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग, ज्याला सगळे ‘हिट’ म्हणतात, ते आता फक्त जिमपुरतं राहिलेलं नाही. सोसायटीच्या गच्चीवर, पार्किंगमध्ये, मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये सकाळी सहाच्या बॅच भरतात. फार चांगलं झालं. नोकरी, मुलांची शाळा आणि स्वयंपाक यांतून ज्यांना तासभर कधीच मिळत नव्हता, त्यांना पंचवीस मिनिटांत भरपूर व्यायाम मिळू लागला. तुम्ही पहाटे उठता, घरच्यांसाठी धडधाकट राहायचं म्हणून घाम गाळता. ते थांबवू नका. पण गच्चीवर कोबा असतो. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात. हॉलमध्ये गुळगुळीत फरशी. आणि त्यावर उड्या मारणाऱ्यांच्या पायांत काय असतं? मुलाचे जुने शाळेचे बूट. लग्नात घेतलेले स्नीकर्स. मॅरेथॉनसाठी घेतलेले रनिंग शूज. कुणी नुसते मोजे घालून येतं, कुणी अनवाणी.

यातला धोका समजून घ्या. वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती, असे आठ फेरे, म्हणजे चार मिनिटांचा ‘टबाटा’. तुमच्या बॅचमध्ये तो होत असेलच. जपानचे इझुमी टबाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ज्या अभ्यासातून तो जगापुढे आणला, त्या अभ्यासातला व्यायाम जागेवरच्या सायकलवर झाला होता. पाय पेडलवर होते. जमिनीवर आदळत नव्हते. घड्याळ आपण त्यांच्याकडून घेतलं आणि व्यायाम मात्र बदलला. सायकलच्या जागी उड्या आल्या. बर्पीचंही तसंच. रॉयल बर्पी या अमेरिकी माणसाने तंदुरुस्तीची झटपट चाचणी म्हणून तो प्रकार बसवला, तेव्हा त्यात शेवटची उडी नव्हती आणि तो चारच वेळा करायचा होता. आज तुम्ही एका सकाळी किती करता? मोजून बघा. प्रत्येक उडीनंतर जमीन तुमच्या पायाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोराने धक्का देते. तो धक्का सगळ्यात आधी बुटाला झेलायचा असतो.

आता एकच उडी जवळून बघा. स्केटर जंप. डाव्या पायावरून उजवीकडे झेप घेतली आणि उजवा पाय टेकला. सगळं वजन पावलाच्या बाहेरच्या कडेकडे धावतं. पायात रनिंग शू आहे. तो सरळ पुढे पळण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या टाचेखाली जाड, मऊ फोम असतो आणि टाच चवड्यापेक्षा साधारण आठ ते बारा मिलिमीटर उंच असते. पुढे पळताना हे सोयीचं. बाजूला झेप घेऊन टेकताना हाच फोम बाहेरच्या बाजूने दबतो, पाऊल बुटाच्या कडेवरून बाहेर सरकतं, घोटा आत वळतो आणि बाहेरच्या बाजूचे स्नायुबंध ताणले जातात, कधी फाटतात. तुम्हाला सावरायला वेळच मिळत नाही. गादीवर एका पायावर उभं राहून तोल सांभाळून बघा, म्हणजे लगेच लक्षात येईल. आणि हे पहिल्या फेरीत सहसा होत नाही. सहाव्या-सातव्या फेरीत होतं. पोटऱ्या थकलेल्या, श्वास फुललेला, ट्रेनर ओरडत असतो, “शेवटचे दहा सेकंद!” त्या दहा सेकंदांत तुमचं लक्ष पायाकडे नसतं. तेव्हा तुम्हाला सांभाळायला फक्त बूट असतो.

म्हणून बूट बदला. अजून काहीही बिघडलेलं नाही, तोवरच बदला.

दुकानात गेलात की ‘ट्रेनिंग’ किंवा ‘क्रॉस ट्रेनिंग’ शूज मागा. ‘स्पोर्ट्स शूज’ एवढंच म्हणू नका, त्यात सगळंच येतं. तळ रुंद आणि सपाट हवा. टाचेखाली जाड गादी नको. टाच आणि चवडा यांच्या उंचीत शून्य ते सहा मिलिमीटरचाच फरक असावा. बाजूची भिंत बोटाने दाबून बघा, ती लगेच आत जाता कामा नये. टाचेमागचा कप घट्ट हवा. बूट दोन्ही हातांनी वाकवा. जिथे तुमची बोटं वाकतात, तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर परत ठेवा. तळाला रबर हवं. उघडा फोम ओल्या फरशीवर घसरतो, आणि घामाने फरशी ओली होतेच.

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी टोचतो. व्यायामाचे मोजे बरोबर न्या. दोन्ही पायांत बूट घाला, उभे राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. दोन पावलांत फरक असेल तर मोठ्या पावलाचं माप घ्या. आता लाजू नका. दुकानातच दोन्ही बाजूंना उडी मारून बघा. टाच उचलली गेली, पाऊल आत सरकलं, करंगळीला घासलं, तर तो बूट तुमचा नाही. सेल्समन म्हणेल, “वापरून सैल होतो.” त्याचं ऐकू नका.

रुंदीकडे खास लक्ष द्या. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पावलांची मापं घेतली. भारतीयांचं पाऊल युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं त्यातून दिसलं. दुकानातले बरेचसे बूट परदेशी मापांवर बेतलेले असतात. मग आपण काय करतो? चवडा आवळतो म्हणून एक नंबर मोठा घेतो. बोटं सुटतात, पण बूट लांब होतो, पाऊल आत मागेपुढे होतं आणि उडीला टाच जागेवर राहत नाही. बायकांच्या बाबतीत हे फार होतं. तेव्हा मोठा नंबर घेऊ नका, ‘वाइड’ मागा. त्या दुकानात नसेल तर दुसरीकडे बघा. बायकांनी पुरुषांच्या मापांतही बघायला हरकत नाही.

सगळ्यात महाग बूट घ्यायची गरज नाही, हे ठासून सांगतो. मागच्या वर्षीचं मॉडेल चालेल. साधा रंग चालेल. फुटपाथवरची ‘फर्स्ट कॉपी’ मात्र घेऊ नका. वरून ती हुबेहूब दिसते, पण आतला फोम आणि डिंक कसला आहे हे तुम्हाला कुणीच सांगू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, पाय मुरगळतो आणि बरा होतो, त्यात एवढं काय? घरचा विचार करा. डावा पाय प्लॅस्टरमध्ये गेला की मोटरसायकलचा गिअर कोण टाकणार? तीन मजले चढून पाण्याचा कॅन कोण आणणार? कडेवरच्या बाळाला कोण उचलणार? लोकलचा पूल रोज चढायचा असतो. रिक्षा चालवणाऱ्याला, दुकान सांभाळणाऱ्याला, घरोघरी स्वयंपाकाला जाणाऱ्या ताईंना भरपगारी रजा नसते. सहा आठवडे एका माणसाचा पाय जमिनीला टेकला नाही, तर सगळ्या घराची घडी विस्कटते. नव्या बुटांचा खर्च त्याच्यापुढे काहीच नाही.

काही दुखणी अचानक येत नाहीत, हळूहळू घर करतात. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते. नडगीच्या आतल्या कडेला ठणकतं. चवड्यावर हाडाच्या एकाच जागी बोट ठेवलं की जीव जातो. या शेवटच्या दुखण्याला फार जपा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो आणि सुरुवातीच्या दिवसांत तो साध्या एक्स-रेत अनेकदा दिसतही नाही. “थोडं दुखणारच, व्यायाम आहे,” असं म्हणून पुढे जाऊ नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि जाताना पायातले बूट बरोबर न्या. त्यांनाही ते बघू द्या.

घरात कुणाला मधुमेह आहे का? मग या पुढच्या ओळी त्यांना वाचून दाखवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून त्यातले कितीतरी जण बॅच लावतात. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते. बूट चावतो आणि कळत नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. अशा जखमेतून बोट किंवा पाऊल गमवायची वेळ येते. म्हणून बाबांना, काकूंना, सासूबाईंना बॅचला पाठवण्याआधी डॉक्टरांकडून त्यांचे पाय तपासून घ्या. रोज रात्री त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या स्वतः बघा. बूट घालण्याआधी आत हात घालून खडा, उसवलेली शिवण, काही टोचतंय का ते चाचपा. त्यांना अनवाणी उड्या मारू देऊ नका, गवतावरही नाही.

या महिन्यात बूट घेणं जमत नसेल, तर हरकत नाही. व्यायाम सोडू नका, उडी सोडा. जंपिंग जॅकच्या जागी एकेक पाऊल बाजूला टाका. बर्पीत पाय मागे झटकू नका, एकेक करून न्या आणि शेवटी नुसते उभे राहा. जागेवरची सायकल असेल तर ती घ्या, टबाटाचा अभ्यास तिच्यावरच झाला होता. दम लागायला उडीच मारावी लागते असं मुळीच नाही. आणि नवे बूट आले की ते बॅचपुरतेच ठेवा. बाजारहाट करायला, पावसात भटकायला तेच वापरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत काही सोल तर नुसते कपाटात राहूनही भुसभुशीत होतात, म्हणून पावसाळ्यानंतर काढलेले बूट आधी वाकवून बघा. भिजले तर आतली तळी काढा, कागद कोंबा, सावलीत वाळवा.

ट्रेनर मंडळींनो, तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही सांगितलेलं लोक ऐकतात. बॅच सुरू होताना एक नजर सगळ्यांच्या पायांकडे टाका. ज्याचा बूट झिजला आहे, त्याला बाजूला घेऊन न दुखावता सांगा आणि त्या दिवशी बिनउडीचा प्रकार द्या. नव्या माणसाला पहिले दोन-तीन आठवडे उड्या नकोतच. फरशीवरचा घाम मधेमधे पुसून घ्या. शेवटच्या दहा सेकंदांत ओरडायचंच असेल, तर “पाय बघा, हळू टेका” असं ओरडा.

आणि एवढं करूनही कुणाचा पाय वळलाच, तर तिथेच थांबवा. “चालून बघ, सुटेल” म्हणू नका. तेल लावून चोळू नका, शेकू नका. बूट काढा, पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा. मग त्याला आधार न घेता चार पावलं टाकायला सांगा. चार पावलं पडत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. त्याच्या घरी फोन करा, रिक्षा बोलवा, दोघांनी धरून खाली न्या आणि थेट एक्स-रेला घेऊन जा.