जायफळाचें माहेर

गेल्या अंकांत आम्हीं वाचकांस अंबोनच्या बंदरांत आणून सोडलें होतें. तेथून बांदाच्या बेटांकडे जाणारें जहाज रोजचें नव्हे. त्याच्या तारखा पाहून आपण आपला बेत आंखावयाचा. मासिकाकडे मध्यंतरीं आलेल्या पत्रांचीं छायाचित्रें मुलीनें भ्रमणध्वनीवर धाडिलीं होतीं, तीं धक्क्यावर बसूनच वाचून काढिलीं. निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख एकच: साठीच्या घरांत आलेल्या उभयतांनीं यात्राकंपनीचा आश्रय सोडून, पाठीवर पडशी टाकून परमुलखांत हिंडण्याचें कारण काय? एका भगिनीनें तर ‘यास वानप्रस्थ म्हणावें कीं पोरकटपणा?’ असें स्पष्टच विचारिलें आहे.

दोन्ही थोडें थोडें असेल. परंतु मुख्य कारण अगदीं रोकडें आहे. हेलकावणाऱ्या होडींतून निसरड्या पायरीवर उतरतांना माणसाचे दोन्ही हात मोकळे असावे लागतात. त्यांतला एक स्वतःसाठीं व दुसरा सोबत्यासाठीं. आजचीं मुलें जिला सॅक म्हणतात ती आमची पडशी प्रत्येकीं सात किलोंची. तींत दोन जोड कपडे, पंचा, रेनकोट, औषधांची पिशवी, मेतकूट, भाजलेले पोहे आणि लोणच्याची बाटली. या बाटलीवरून आम्हां उभयतांत दर प्रवासाच्या आरंभीं होणारा वाद यंदाही झाला आणि यंदाही बाटलीच जिंकली.

भाषेची भीति मात्र कोणीं बाळगूं नये. बंदरावर, खानावळींत, खोली देणाऱ्या घरीं आम्हांस पहिला प्रश्न येई तो ‘सुआमी-इस्त्री?’ असा. स्वामी आणि स्त्री. म्हणजे तुम्ही नवराबायको ना? भाषेस ते बहासा म्हणतात, उपवासास पुआसा, पापास दोसा आणि डोक्यास कपाला. जायफळाचें नांव ‘पाला’, तेंही आपल्या ‘फल’ शब्दावरूनच. याखेरीज कपाटास लेमारी व अननसास नानास हे शब्द ऐकले कीं घरींच असल्यासारखें वाटतें. हे ज्यांनीं आपल्याकडे आणिले त्या पोर्तुगीजांनींच ते इकडेही आणिले. अल्बुकर्कनें १५१० सालीं गोवा घेतला, १५११ सालीं मलाक्का घेतली, आणि तेथून लगोलग पाठविलेलीं जहाजें १५१२ सालीं बांदास पोंचलीं. एवढी घाई कशाची होती तें बेटावर पाऊल टाकल्यावर कळतें.

रात्रभर डेकवर चटई टाकून पडलों होतों. पहाटे शेजारच्या कुटुंबांतील आजीबाईंनीं हलवून उठविलें व बोट दाखविलें. समुद्रांतून सरळ वर आलेला काळा शंकु: गुनुंग आपी, अग्निपर्वत, उंची सुमारें ६५० मीटर. तो शेवटचा पेटला १९८८ सालीं. त्या वेळचा लाव्हा समुद्रांत उतरलेला अजून दिसतो, आणि त्यावर प्रवाळ इतक्या लौकर वाढलें कीं तें पाहावयास शास्त्रज्ञ येऊं लागले. त्याच्या समोरच नाइरा हें छोटें गांव. बांदाचीं सारीं बेटें मोजलीं तरी दहा-अकरा. नकाशावर टांचणीच्या डोक्याखालीं झांकलीं जातील. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारांतील जवळजवळ सर्व जायफळ व जायपत्री एवढ्याशा जागेंतून जात असे. समुद्रयान निषिद्ध मानणाऱ्या आमच्या पणजोबांच्या घरीं बाळगुटीच्या सहाणेवर जें जायफळ होतें, तें समुद्र ओलांडूनच आलेलें होतें!

झाड आम्हीं येथेंच प्रथम डोळे भरून पाहिलें. आपल्या कोंकणांतही आतां नारळी-पोफळीच्या बागांत तें लावितात. पण येथें तें उंच कनारीच्या वृक्षांच्या सावलींत, जणुं देवराईंत, वाढतें. फळ जर्दाळूच्या आकाराचें व पिंवळट. पिकलें म्हणजे आपोआप मधोमध उकलतें आणि आंत काळ्या चकचकीत कवचीवर लालभडक जाळें दिसतें. तें जाळें म्हणजे जायपत्री. वाळल्यावर तिचा तो रंग जातो म्हणून आपणांस तो ठाऊक नाहीं. कवचीच्या आंत जायफळ. तें सावकाश धुरावर वाळवितात, आणि कवची हालवून आंतली बी खुळखुळूं लागली म्हणजे झालें. लांब बांबूच्या टोकास लहानशी टोपली व आंकडे बांधून फळें काढितात. नराचें झाड निराळें, मादीचें निराळें. रोप लावून पांच-सात वर्षें वाट पाहावी तेव्हां कोठें फुलांवरून कळतें कीं आपण कोणतें वाढविलें. पूर्वीं माणसानें लावावींच असेंही नव्हे. रानकबुतरें जायपत्रीच्या लोभानें बी गिळीत व दूर नेऊन टाकीत.

जो गर आपण कधीं पाहत नाहीं, त्याचा येथें मुरंबा करितात आणि साखरेंत घोळून फोडीही वाळवितात. आमच्या यजमानीणबाईंनीं सकाळीं तोच वाढिला. मासे नकोत म्हटल्यावर त्यांस आमची मनापासून कींव आली. पण दुपारीं कनारीच्या बदामाचें दाट वाटण घातलेलें वांगें पानांत आलें, त्याची चव आम्हीं अजून विसरलों नाहीं. पुढें औषधांची पिशवी उघडली असतां तींतून पुण्याहून आणलेलें एक जायफळ गडगडत बाहेर आलें. गंगेस गंगोदक आणणारे यात्रेकरू त्या माउलीनें प्रथमच पाहिले असावेत. त्यांनीं शेजारणींस हांका मारल्या, आणि तें जायफळ हातोहात साऱ्या ओटीवर फिरलें.

त्या ओटीवरच आम्हीं सहज विचारिलें कीं तुमचें घराणें येथें किती पिढ्यांचें. बाई म्हणाल्या, माझे पूर्वज बुटोनहून आले. शेजारीण म्हणाली, आमचे जावाहून. तिसरीचे सेरामहून. मग मूळचे बांदाचे लोक कोण, या प्रश्नावर क्षणभर कोणीं कांहींच बोललें नाहीं.

त्याचें उत्तर नाइरा गांवांतच, एका विहिरीपाशीं उभें आहे. १६०२ सालीं स्थापन झालेल्या हॉलंडच्या ईस्ट इंडिया कंपनीस सर्व जायफळ एकटीस हवें होतें. बांदाचे लोक जुने व्यापारी. बेटांवर पुरेसें धान्य नाहीं; तांदूळ जावाकडून यावयाचा, कापड हिंदुस्थानचें. एकाच गिऱ्हाइकास, त्यानें ठरविलेल्या भावानें, सारा माल द्यावयाचा म्हणजे आपल्या हातानें उपाशी मरावयाचें, हें त्यांस दिसत होतें. १६२१ सालीं गव्हर्नर-जनरल यान पीटर्सझोन कून आरमार घेऊन आला. ४४ प्रमुखांस नासाउ किल्ल्यापाशीं आणून भाडोत्री जपानी सैनिकांकरवीं तलवारीनें तोडण्यांत आलें. बेटांवर सुमारें १५,००० वस्ती होती असा अंदाज आहे; मोहीम संपली तेव्हां हजारभर माणसें उरलीं. कोणी शस्त्रानें मेले, कोणी डोंगरांत भुकेनें व रोगानें. कित्येकांस गुलाम करून बटाव्हियास नेलें. ओस पडलेल्या बागांचे कंपनीनें ६८ तुकडे केले, ते आपल्या देशबांधवांस वांटून दिले, आणि त्यांत राबावयास ठिकठिकाणाहून गुलाम आणिले. त्या मुलखांत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १८६० सालीं. विहिरीपाशीं त्या ४४ जणांचीं नांवें लिहिलेलीं आहेत. आम्हीं तीं एकमेकांस हळू आवाजांत वाचून दाखविलीं. उच्चार बरोबर झाले असतील असें नाहीं.

वाटाड्यांस दुसरीच कथा अधिक प्रिय आहे. रून या बेटावर इंग्रजांचा हक्क होता. १६६७ सालच्या ब्रेडाच्या तहानें तें डचांकडे राहिलें आणि आजचें न्यूयॉर्क इंग्रजांकडे. त्या सौद्यांत कोण फसला, याचा हिशेब प्रत्येक प्रवाशास हंसत हंसत ऐकविण्यांत येतो. आम्हांस तो फारसा रुचला नाहीं. सौदा करणारे दोघेही परके, आणि माल तिसऱ्याचा.

नाइरा येथें आणखी एक घर अवश्य पाहावें. पुढें इंडोनेशियाचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले महंमद हट्टा यांस डच सरकारनें १९३६ सालीं येथें हद्दपार करून ठेविलें तेव्हां त्यांच्यासमवेत पुस्तकांच्या सोळा पेट्या होत्या. सात किलोंच्या पडशीचा आमचा अभिमान त्या घराच्या पायरीवरच उतरला. त्यांचे सोबती सुतान शहरीर पुढें पहिले पंतप्रधान झाले. १९४७ सालीं त्यांस जावाहून विमानानें बाहेर काढणारे वैमानिक आपले बिजू पटनाईक. हे दोघे बंदिवान गांवच्या मुलांस शिकवीत. १९४२ पर्यंत ते येथें होते.

परंतु ओटीवरचा प्रश्न आमच्या मनांतून जाईना. मूळ प्रवासक्रमांत बांदाहून अंबोनास परतावयाचें होतें. आम्हां दोघांपैकीं एकास गुनुंग आपी चढावयाचा होता, दुसऱ्याचे गुडघे त्यास राजी नव्हते. अखेर दोघांनींही डोंगर सोडला आणि वांचलेले दिवस धरून पूर्वेकडे जाणारें जहाज गांठलें. तें केई द्वीपसमूहांतील तुआल बंदरास लागतें. तेथून मोटारबोटीनें मोठ्या केईवरील एलात. त्याला लागूनच बांदा-एलात हें गांव आहे, आणि त्याच बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर बांदा-एली. १६२१ च्या कत्तलींतून जीं कुटुंबें होड्यांतून निसटलीं, त्यांचे वंशज येथें राहतात. बांदाची मूळ भाषा आज बांदाच्या बेटांवर कोणी बोलत नाहीं. ती या गांवांत बोलली जाते. चारशें वर्षें झालीं, तरी हे लोक स्वतःस वांदानच म्हणवितात. होड्या बांधणें व मडकीं घडविणें यांबद्दल त्यांची जुनी ख्याति आहे.

एका घरीं बसलों होतों. दारांत मुलें आपसांत बोलत होतीं आणि त्यांत आम्हांस ओळखीचा एकही शब्द सांपडत नव्हता. बंदरावर रुळलेली बहासा येथें उपयोगी पडली ती वडील मंडळींशीं बोलण्यापुरतीच. आम्ही बांदाहून आलों हें कळतांच मंडळी जवळ सरकून बसली. डोंगरांतून धूर निघतो काय? लोन्थोरची बाग कशी आहे? यंदा फळ किती? घरांतील वृद्ध गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. ते बांदास एकदांच, तरुणपणीं, जाऊन आले होते. आमच्या सोबत्यानें वहींत बेटांचा नकाशा काढिला. त्या गृहस्थांनीं पेन्सिल मागून घेतली, आणि नाइराच्या दक्षिणेस मोठ्या बेटावर एक खूण केली. आमचें गांव, म्हणाले.

परतीची बोट सकाळीं होती. ज्यांस या बाजूस यावयाचें असेल त्यांनीं जून ते ऑगस्ट हे खवळलेल्या समुद्राचे महिने टाळून ऑक्टोबर-नोव्हेंबर धरावा, रोख रक्कम अंबोनासच काढून घ्यावी, आणि जहाज एक-दोन दिवस मागेंपुढें होईल हें गृहीत धरून परतीचें विमान ठरवावें. पुढील अंकीं लवंगेच्या तर्नाते बेटाकडे.