पथ्य, पैसा आणि प्रसिद्धी

परवा आमच्या वन्सं आल्या त्या पर्समधून बाटली काढतच. "वहिनी, रोज सकाळी उपाशीपोटी दोन चमचे, पेलाभर पाण्यातून. महिन्याभरात फरक बघा!"

पाहते तर सफरचंदाचं व्हिनेगर.

"पण हे सांगितलं कोणी?"

"फोनवर एक बाई सांगतात. लाखो लोक ऐकतात त्यांचं. आणि त्यांचं स्वयंपाकघर काय लखलखीत आहे म्हणून सांगू!"

मी मुकाट्याने बाटली फळीवर ठेवली आणि मला आठवण झाली ती ऑस्ट्रेलियातल्या बेल गिब्सनची.

ही तरुण मुलगी २०१३ च्या सुमारास इंटरनेटवर आपली कहाणी सांगू लागली. आपल्याला मेंदूचा कर्करोग झाला, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा नेहमीचे उपचार सोडून आपण ताज्या, शुद्ध आहाराची कास धरली आणि तगलो, असं ती सांगे. सोबत फळांच्या वाडग्यांची, हिरव्यागार भाज्यांची देखणी छायाचित्रं. लोक भारावले नसते तरच नवल! तिच्या पाककृतींचं 'द होल पँट्री' हे ॲप निघालं. २०१४ साली पेंग्विनसारख्या मातब्बर प्रकाशनाने पुस्तक काढलं. पैसा आला, मानसन्मान आले.

मिळकतीतला वाटा धर्मादाय संस्थांना देणार, असंही तिने जाहीर केलं होतं. २०१५ मध्ये मेलबर्नच्या 'द एज' दैनिकाच्या दोन पत्रकारांनी चौकशी केली, तेव्हा कबूल केलेले पैसे त्या संस्थांना पोचलेच नव्हते. मग एकेक धागा उसवत गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने स्वतःच कबुली दिली, की यातलं काहीच खरं नाही. तिला कर्करोग कधी झालाच नव्हता! २०१७ मध्ये न्यायालयाने तिला ४,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. कहाणीची शहानिशा न करताच पुस्तक छापणाऱ्या प्रकाशकालाही ३०,००० डॉलर भरावे लागले. २०२५ मध्ये या प्रकरणावर एक मालिका आली. तिचं नाव काय असावं? 'ॲपल सायडर व्हिनेगर'. आमच्या वन्संचीच बाटली!

तुम्ही म्हणाल, ऑस्ट्रेलियातल्या भानगडीशी आपला काय संबंध? पण आपल्याकडे तरी काय वेगळं चालतं? नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी आपल्या पत्नीच्या कर्करोगमुक्तीचं श्रेय लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब अशा आहाराला दिलं आणि ती चित्रफीत बघता बघता घरोघरी पोचली. वास्तविक त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. शेवटी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना सह्या करून पत्रक काढावं लागलं, की अशा दाव्यांना भक्कम पुरावा नाही, त्यापायी उपचार लांबवू नका. पुढे सिद्धूंनीही खुलासा केला, की हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि उपचारांच्या जोडीला होता.

शहाणीसुरती माणसं असल्या गोष्टींना का भुलतात? मला वाटतं, त्याचं कारण स्वयंपाकघरातच आहे. घरात मोठं दुखणं आलं, की रिपोर्ट डॉक्टरांच्या हाती, खर्च नशिबाच्या हाती. आपल्या हाती उरतो तो फक्त झारा. त्या झाऱ्यानेच आजार बरा होईल असं कोणी म्हटलं, तर कोणत्या बाईला धीर येणार नाही?

पण या धीराला एक काटाही आहे. आमच्या सासूबाई गेल्या, तेव्हा समाचाराला आलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "पहिल्यापासून हळदीचं दूध दिलं असतंत तर..." डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं होतं. तरी ते अर्धवट वाक्य मला कितीतरी दिवस पोळत राहिलं. जेवणाने आजार हटतो म्हटलं, की नाही हटला तर दोष रांधणारीचा! हे फोनवरच्या गोड बायका कधी सांगत नाहीत.

पथ्याला माझा विरोध नाही. चांगलं, ताजं अन्न आजाऱ्याला बळ देतं. पण ते औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे. म्हणून मैत्रिणींनो, असा सल्ला कानावर आला, की तीन प्रश्न विचारा. सांगणाऱ्याचं या विषयातलं शिक्षण काय? सांगता सांगता तो काही विकतो आहे का? आणि तो चालू औषध बंद करायला सांगतो आहे का? पहिला प्रश्न काही माझ्या पदरचा नाही. आरोग्यविषयक वस्तूंची इंटरनेटवर भलामण करणाऱ्यांनी आपली पात्रता ठळकपणे सांगावी, असं आपल्या जाहिरात मानक परिषदेने २०२३ मध्येच बजावलं आहे. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर फोन सरळ बाजूला ठेवा आणि आपल्या डॉक्टरांना गाठा.

वन्संच्या बाटलीचं काय झालं म्हणता? त्यात मी छोटे कांदे, आलं आणि हिरव्या मिरच्या घालून ठेवल्या. रविवारी वन्सं जेवायला होत्या. दोनदा मागून घेतलं त्यांनी!