दहा रुपयांची तहान

उन्हाळ्यात सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात एक दृश्य वारंवार दिसते. दीड-दोन वर्षांचे मूल आईच्या कडेवर असते, दोन दिवसांपासून जुलाब होत असतात, ओठ सुकलेले असतात आणि हातात आंब्याचे चित्र असलेला छोटा खोका असतो. ‘‘काही खात नाही डॉक्टर, पण हे तेवढं पितो,’’ असे आई सांगते. तिचे म्हणणे खरेच असते. मूल ते पिते, आवडीने पिते आणि संपल्यावर पुन्हा मागते. प्रश्न आहे तो असा की, एवढे लहान मूल इथपर्यंत पोहोचते कसे?

याचे सोपे उत्तर आपल्याकडे तयार असते : आईबापांनी लाडावून ठेवले. पण ते अर्धेच खरे आहे. गोडाची ओढ मूल जन्मतःच घेऊन येते. आईचे दूधही गोडसरच असते. त्यात दर १०० मिलीला सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते. नवजात बाळाच्या जिभेवर साखरेचे पाणी लावले तर ते शांत होते आणि कडू लावले तर तोंड वेडेवाकडे करते. मोठ्यांना जे मिट्ट गोड लागते, ते लहान मुलांना अगदी योग्य वाटते. निसर्गाने ही ओढ दिली तेव्हा गोड म्हणजे दूध आणि पिकलेले फळ, इतकेच होते. गल्लीच्या तोंडाशी थंडगार खोका मिळेल, हे काही निसर्गाच्या हिशेबात नव्हते.

मराठी घरात मुलाचे पहिले गोड पेय मात्र बहुधा बाटलीतले नसते. ते असते आजीच्या बशीतला चहा. वर्षाचे नातू मांडीवर बसते, आजी चहात बिस्कीट किंवा बटर बुडवून भरवते आणि सगळ्यांना कौतुक वाटते. त्या चहात साखर तर असतेच, शिवाय चहातील टॅनिन अन्नातील लोह शोषू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आहेत. त्याला एकटा चहा कारणीभूत नाही, पण ज्या वयात नाचणी, डाळ आणि पालेभाजी पोटात जायला हवी, त्या वयात चहा-बिस्किटावर भूक भागते, हेही खरे. आजीला हे सांगणे अवघड असते. डॉक्टरांना तर फारच.

पुढचा टप्पा दुकानाचा. पनवेलसारख्या शहरात हे नीट पाहता येते. महापालिका २०१६ मध्ये झाली, इमारती त्याहून वेगाने वाढल्या, पण पाणी त्या वेगाने आले नाही. देहरंग धरणात गाळ साचला आहे, उन्हाळ्यात टंचाई ठरलेली आणि कित्येक सोसायट्या टँकरवर. बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तीत पिण्याच्या पाण्याची खात्री त्याहून कमी. प्रवासात लिटरभर पाण्याची बाटली वीस रुपयांच्या आसपास पडते आणि गोड पेयाचा छोटा खोका दहा रुपयांना मिळतो. अर्धा लिटर दुधाची पिशवी तीस रुपयांच्या घरात जाते. टपरीवाल्याकडे दूध ठेवायला जागा नसते, पण शीतपेयांसाठी कंपनीने दिलेला फ्रिज असतो. रडणाऱ्या मुलासाठी आईने दहाची नोट काढली, तर त्यात लाड किती आणि हिशेब किती, हे शहाण्यांनी ठरवावे. ज्यांना दहाही परवडत नाहीत, त्यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ आहेच. मुले त्याला ‘पेप्सी’ म्हणतात.

काळ्या कोलाबद्दल आता बऱ्याच पालकांच्या मनात धास्ती आहे. ‘आम्ही कोल्ड्रिंक देत नाही,’ असे ते अभिमानाने सांगतात, पण आंब्याचे पेय त्यांच्या लेखी कोल्ड्रिंक नसते; ते फळ असते. नियमानुसार अशा पेयात फळाचा रस १० टक्के असला तरी चालतो. बाकी पाणी आणि साखर. १५० मिलीच्या खोक्यात १८ ग्रॅम साखर सहज निघते, म्हणजे चार चमच्यांहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे. दोन वर्षांच्या मुलासाठी पाच टक्के म्हणजे जेमतेम तीन चमचे. एका खोक्यातच ती मर्यादा संपली.

सरकारचे वागणे पालकांना सावध करणारे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा फसफसणाऱ्या पेयांवर ४० टक्के कर राहिला, पण फळांच्या रसावर आधारित साध्या पेयांवरचा कर १२ वरून पाच टक्क्यांवर आला. साखर दोन्हीकडे जवळपास सारखीच, फरक बुडबुड्यांचा. दुधात घालायच्या माल्टयुक्त पावडरींची कथाही अशीच. त्या वर्षानुवर्षे ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकल्या गेल्या. अन्न सुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही, हे २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले, तेव्हा कुठे ती पाटी उतरली.

यातला सर्वांत चीड आणणारा प्रकार जुलाबाच्या मुलाशी झालेला आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधील बनगावला सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रुग्णांना पाजले आणि मृत्यूचे प्रमाण एकदम खाली आणले. तेच हे ओआरएस. त्याचे सगळे सामर्थ्य प्रमाणात आहे. सध्याच्या सूत्रात लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असते. एवढे ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आतड्यातून आत जाते आणि मागोमाग पाणी शोषले जाते. गोड पेयात लिटरला १०० ग्रॅमच्या पुढे साखर आणि मीठ नावाला. अशी दाट साखर उलट आतड्यातच पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. तरीही अशी पेये नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे घालून औषधांच्या दुकानांत विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. आदेश निघाला, पण लोकांच्या डोक्यात बसलेला समज निघायला वेळ लागेल.

गोड पेयांनी मुले लठ्ठ होतात, एवढेच आपण ऐकतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले दोन पाहण्यांदरम्यान १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेली, पण त्याच पाहणीत ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. एकच खोका दोघांनाही मारक ठरतो. वरणभाताच्या आधी अर्ध्या तासाने पोटात गेलेली साखर भूक मारते आणि आई म्हणते, ‘‘जेवत नाही, निदान हे तरी पितो.’’ मग तेच पुन्हा दिले जाते. रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात तिसऱ्या वर्षाच्या आत किडून काळे पडलेले दिसतात, ते वेगळेच.

नियम आहेत. राज्याने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून अशी पेये हद्दपार केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत विक्रीस मनाई केली. पण शाळेची घंटा ऐकू येण्याआधीच सवय लागलेली असते. चिलीने २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोनी इशारा छापायला लावला. वाचता न येणाऱ्या आईलाही तो कळतो. आपल्याकडे साखर मागच्या बाजूला, इंग्रजीत आणि भिंगाने पाहावी अशा अक्षरांत असते. पनवेल महापालिकेला पाकिटे बदलता येणार नाहीत. प्रत्येक अंगणवाडीत, लसीकरण केंद्रात आणि बस थांब्यालगत स्वच्छ पिण्याच्या पाण्याचा नळ मात्र देता येईल आणि तो उन्हाळ्यात चालू ठेवता येईल.

घरात सवय मोडायला दोन-तीन आठवडे रडारड सोसावी लागते. दोन वर्षांखालील मुलाला रसही नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आंबा मिळाला तर फोड हातात द्यावी. ताक, पेज, नारळपाणी यांना साखर लागत नाही. आणि जुलाब लागले तर खऱ्या ओआरएसची पुडी आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती पूर्ण रिकामी करायची, चमच्याने थोडे थोडे पाजायचे, २४ तासांनी उरलेले टाकायचे, सोबत १४ दिवस झिंकची गोळी द्यायची आणि अंगावरचे दूध थांबवायचे नाही.