पैसे प्रतीवर घाला, प्रोसेसरवर नको

माझ्या भाच्याचा सांगलीत लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. बॅकअपसाठी वेगळा सर्व्हर घ्यायचं त्याने ठरवलं, कोटेशन आणलं आणि ‘मामा, जरा बघ ना’ म्हणून मला पाठवून दिलं. कोटेशन भारदस्त होतं. दोन झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, रेड कार्ड आणि ८ टीबीच्या चार डिस्क रेड-५ मध्ये. म्हणजे ताकद भरपूर, पण सगळा डेटा एकाच पेटीत आणि पेटी स्टुडिओतच.

आधी हिशेब मांडला. एका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून ४०० जीबी धरले, वर्षाला २५ लग्नं धरली, तर वर्षाचे १० टीबी होतात. स्टुडिओतलं नेटवर्क एक गिगाबिटचं आहे. त्यातून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे एक लग्न तासाभरात सर्व्हरवर पोहोचतं. वेगाची मर्यादा तारेची आहे. दोन झिऑन लावले म्हणून तो तास काही कमी होणार नाही. बॅकअप सर्व्हर फाइल घेतो, ठेवतो आणि मागितली की परत देतो. त्याला साधा चार कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम पुरते. रॅम ईसीसी मिळाली तर उत्तम, कारण मेमरीत बिघडलेला एखादा बिट ती जागच्या जागी सुधारते. विजेचंही बघायला हवं. १५० वॅट खाणारा सर्व्हर अखंड चालला तर वर्षाला तेराशेच्या वर युनिट जळतात. ४० वॅटची छोटी पेटी साडेतीनशेत भागवते.

मग रेड. ही कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात मांडली. एक मोठी महागडी डिस्क घेण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र चालवायच्या आणि त्यातली एखादी गेली तरी काम थांबू द्यायचं नाही, हा तिचा हेतू. रेड म्हणजे गाडीतली स्टेपनी. पंक्चर झालं तर प्रवास थांबत नाही, पण गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही तिच्याबरोबर जाते. चुकून पुसलेला फोल्डर रेड त्याच क्षणी सगळ्या डिस्कवरून इमानेइतबारे पुसून टाकतो. शिवाय रेड-५ मध्ये एक डिस्क गेली की नवीन डिस्क भरताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्कना याला अर्धा-एक दिवस सहज लागतो, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं. एकाच वेळी, एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क मागेपुढे बिघडण्याची शक्यताही दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

म्हणून मी त्याला १६ टीबीच्या चार डिस्क सुचवल्या, पण दोन पेट्यांमध्ये दोन-दोन. प्रत्येक पेटीत दोन्ही डिस्क एकमेकींची प्रत ठेवतील, म्हणजे मिरर. डिस्क दोन वेगवेगळ्या दुकानांतून घ्यायच्या. खोक्यावर १६ टीबी लिहिलं असलं तरी विंडोज साडेचौदाच दाखवणार, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. तेव्हा दुकानदाराशी त्यावरून भांडू नये. भांडायचंच तर सीएमआर आणि एसएमआर यावरून भांडावं. सीएमआर डिस्कमध्ये डेटाचे माग सुटे असतात; एसएमआरमध्ये जागा वाचवायला ते एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. त्यामुळे एक बदलताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि मिरर भरायची वेळ आली की ती रखडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, खास नाससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीसाठी, म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि ग्राहकांनी चांगलाच गदारोळ केला. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या तक्त्यात सीएमआर लिहिलंय का, हे पाहूनच पैसे द्यावेत.

डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कार्डावर मी सरळ काट मारली. ते जळालं तर तसंच दुसरं शोधत फिरावं लागतं. झेडएफएस ही फाइल सिस्टिम हेच काम कार्डाशिवाय करते. सन मायक्रोसिस्टिम्सने ती २००५ साली खुली केली आणि ट्रूनास या मोफत प्रणालीत ती तयारच मिळते. प्रत्येक तुकड्याची खूण ती जपते, महिन्याला सगळं तपासते आणि एका डिस्कवर सडलेला तुकडा दुसरीवरच्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करते. जोडीला रोजचे स्नॅपशॉट ठेवता येतात, म्हणजे आज पुसलेलं कालच्यातून काढता येतं. कार्डाच्या वाचलेल्या पैशांत यूपीएस घ्यावा, तोही वीज गेल्यावर सर्व्हर नीट बंद करायला सांगणारा.

आता जागेचा प्रश्न. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगलीत तो समजावून सांगावा लागत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यातल्या कित्येकांच्या हाती काही उरलं नाही. म्हणून एक पेटी स्टुडिओत वरच्या मजल्यावर आणि दुसरी पुण्यात, भाच्याच्या मावशीकडे. पहिली मोठी प्रत स्टुडिओतच भरून पेटी गाडीने न्यायची; पुढे फक्त नवं तेवढं इंटरनेटवरून. अपलोड ५० एमबीपीएस असेल तर एका लग्नाला सुमारे १८ तास लागतात, म्हणजे दोन रात्री. मावशीच्या मालिकांनाही धक्का नाही.

एक नियम मात्र कडक. सर्व्हरने स्टुडिओच्या संगणकावरून फाइल ओढून घ्यायच्या. संगणकाला सर्व्हरचा पासवर्ड ठाऊकच नसावा. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायसारखा खंडणीखोर व्हायरस संगणकात शिरला की पोहोचेल त्या प्रत्येक डिस्कला कुलूप घालतो. त्याला बॅकअपपर्यंत वाटच ठेवायची नाही.

हे सगळं करूनही प्रत परत काढून पाहायची परीक्षा राहतेच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण वेळेला त्यातली एकही नीट चालली नाही. सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. ही प्रोग्रामरांच्या रोजच्या वापरातली कंपनी, तिथे ही गत.

थोडक्यात, बॅकअपसाठी पैसे वाटायचे तर आधी दुसऱ्या जागेवर, मग चांगल्या डिस्कवर, मग यूपीएसवर, आणि उरले तर प्रोसेसरवर. तुमच्याकडे आधीच बॅकअप असेल, तर या रविवारी त्यातली एक जुनी फाइल परत काढून उघडून पाहा. उघडली नाही, तर नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवण्याआधी ते दुरुस्त करा.